बाईसाहेबांचं वजन

आमच्या बाबांचा जगात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास आहे. सपाट फरशी आणि एक किलोचं पितळी वजन. आईवरही आहे, पण आई मध्येमध्ये मत बदलते, पितळ बदलत नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मी त्यांच्या हाताखाली काम करतो, म्हणजे स्क्रू हरवतो आणि सापडले की त्याचं श्रेय घेतो. भाजीवाला असो की रद्दीवाला, "काटा चुकतोय हो" म्हणत कुणी आलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ठेवता कशावर?" समोरचा पोतं, पुठ्ठा, सतरंजी असलं काही बोलला की मेलाच. "अहो, काटा आहे तो, पाहुणा नाही! कडक जागेवर ठेवायचा, सपाट!" मी बोलायला लागलो तेव्हा माझा पहिला शब्द 'आई' होता. दुसरा 'सपाट'.

अशा घरात ताई आपली नवीकोरी मुलगी घेऊन राहायला आली. नाव ठरायचं होतं. तोवर मी तिला बाईसाहेब म्हणायला लागलो, कारण ती कुणाचंच ऐकत नव्हती आणि सगळे तिचं ऐकत होते.

ताईचं धोरण सरळ होतं. बाईसाहेबांनी मागितलं की पाजायचं, घड्याळ बघायचं नाही. बाईसाहेब आधी ओठ चाटायच्या. मग मान वळवून काहीतरी हरवल्यासारखं शोधायच्या. मग मूठ तोंडात. रडणं ही शेवटची नोटीस, आणि ताई प्रकरण तिथवर जाऊच द्यायची नाही. हातातला घास ताटात ठेवून उठायची. फोनवर नवऱ्याशी भांडत असली तर भांडण तिथंच थांबवून, पाजून, पुन्हा त्याच वाक्यापासून सुरू करायची. एकदा तर डोक्याला शाम्पू लावलेला असताना न्हाणीघरातून तशीच बाहेर आली. गाऊन अंगावर, फेस कानांवर, बाईसाहेब मांडीवर.

"बघतोस काय? मामा आहेस ना? डोळ्यात चाललाय तो फेस पूस."

मी पुसला. आमच्या दुकानाच्या पाटीवर 'तत्पर सेवा' असं लिहिलंय. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

बाबांना मात्र हे सगळं बेहिशेबी वाटत होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला काटा पुसून आत आणला.

"अहो, पडली-बिडली तर?" आई म्हणाली.

मग तो पलंगाच्या मधोमध ठेवला. पारड्यात मऊ दुपटं घातलं, शून्य केलं, बाईसाहेबांना निजवलं. बाबांनी आकडा बघितला, दवाखान्याच्या कागदावरचं जन्माचं वजन बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"माल कमी भरतोय."

"माल काय, माल? नात आहे तुमची!"

तेव्हापासून पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन. आकडा कधी वर, कधी खाली, पण जन्माच्या वजनाला काही पोचेना. बाबांनी उपाय काढला. "दर तीन तासांनी पाज. मधे नाही. भूक नीट लागली पाहिजे."

"तुम्ही तहान लागली की पाणी पिता, की तीन तास थांबता?" ताई म्हणाली.

"मला काय वाढायचंय आता?"

"पोटाला सांगितलंय का तसं?"

एका सकाळी बाईसाहेबांनी काट्यावरच कार्यक्रम उरकला. दुपटं धुवायला गेलं होतं, त्यामुळे धार पारड्यावरून ओघळून गादीत गेली आणि आकडा आमच्यादेखत खाली आला.

"गळती!" बाबा ओरडले.

"अहो, आत जातंय म्हणूनच बाहेर येतंय ना?" आई म्हणाली. "दिवसभर लंगोट वाळत घालतेय मी. दोरी पुरत नाही."

"दोरीवर आकडे नसतात."

संध्याकाळी ते दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आले आणि ताईच्या बरोब्बर समोरच्या फळीवर ठेवला. "गुरुवारी दवाखान्यात वजन आहे. जन्माएवढं भरलं नाही तर हा उघडायचा."

ताई बाईसाहेबांना घेऊन उठली. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "खरंच माझं दूध पुरत नसेल का रे?"

मी पटकन एक विनोद शोधला. सापडला नाही. असं माझं कधी होत नाही.

तेवढ्यात बाईसाहेबांनी ओठ चाटले. ताईने डोळे पुसले आणि बसली पाजायला. गुरुवारपर्यंत तिने बाईसाहेबांची एक हाक वाया जाऊ दिली नाही. मला साधं दर शनिवारी दुकानाच्या शटरला ग्रीस लावायचंही लक्षात राहत नाही.

गुरुवारी बाबांनी किलोचं पितळी वजन रुमालात बांधून बरोबर घेतलं. दवाखान्यात नर्ससमोर गाठ सोडली.

"हे काय, आजोबा?"

"आधी तुमचा काटा तपासतो."

नर्सने मागे बाळं घेऊन उभ्या असलेल्या रांगेकडे बघितलं. "तपासा. पण लवकर. या रांगेतल्या एकालाही थांबायची सवय नाही."

दगडी ओट्यावरचा काटा. बाबांनी ओट्यावरून तळहात फिरवला, पितळ ठेवलं. बरोब्बर किलो. मग बाईसाहेब. आकडा जन्माचं वजन ओलांडून चांगला पुढे जाऊन थांबला.

"काहीतरी चुकतंय," बाबा म्हणाले. परत पितळ. परत किलो. परत बाईसाहेब. परत तोच आकडा. बाईसाहेबांना कंटाळा आला.

बाबांचा हात ओट्यावरच राहिला. "गादी," ते पुटपुटले.

"काय?"

"मी काटा गादीवर ठेवला होता. काट्याचं पोट गादीला टेकतं. थोडं वजन गादीच खाते."

पोत्यावरून, पुठ्ठ्यावरून ज्यांनी अख्ख्या बाजाराला झापलं, त्या माणसाने नातीला धक्का लागू नये म्हणून काटा गादीवर ठेवला होता. मीही रोज शेजारीच उभा होतो. बहुतेक स्क्रू शोधत असेन.

"बाळं सुरुवातीला थोडी उतरतातच, मग चढतात," नर्स म्हणाली. "घरी रोज मोजायचं नाही. लंगोट भरपूर ओले होतात ना? पिऊन झाल्यावर निवांत असते ना? मग तिने मागावं, आईने द्यावं. जितकं पिईल तितकं येतं. खरंच कमी पडलं असतं तर आम्हीच सांगितलं असतं की." मग ताईकडे वळून म्हणाली, "फार छान चाललंय तुमचं. हेच चालू ठेवा."

ताई काहीतरी बोलणार होती, पण बाईसाहेबांची मूठ तोंडात गेली होती. ताई तिथंच बाकावर बसली. बाबा पितळी वजन छातीशी धरून तिच्या शेजारी उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पदक यांनाच मिळालंय.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "घरातच काटा मारला मी."

"दंड भरा मग," ताई खाली बघतच म्हणाली. आवाज थोडा ओला होता, पण ताईचाच होता. "आजपासून लंगोट तुम्ही वाळत घालायचे."

घरी आल्यावर बाबांनी पावडरीचा डबा दुकानातल्या फरशीवर, काट्यावर ठेवून बघितला. डब्यावर छापलं होतं तेवढं भरलं, वर पत्र्याच्या डब्याचं वजन. सील तसंच होतं. दुकानदाराने परत घेतला.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला. "काटा कमी दाखवतोय हो."

"ठेवता कशावर?"

"गोणपाटावर."

मी कानांत बोटं घालायची तयारी केली. बाबांनी काटा उचलून फरशीवर ठेवला.

"जीव असेल तुमचा काट्यावर," ते हळूच म्हणाले.

रद्दीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. इतक्यात आतून ताईची हाक आली, "बाबा, लंगोट!"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "थांबा जरा," रद्दीवाल्याला म्हणाले, "आतलं गिऱ्हाईक मोठं आहे." आणि चिमट्यांची पिशवी घेऊन आत गेले.