पाच नंबरची जर्सी

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी जर्सी आहे. महिला कबड्डीची लीग सुरू झाली, तेव्हा कळव्याच्या संघासाठी कल्याणच्या एका शिंप्याने मला शिवलं. पाठीवर पाचाचा आकडा चिकटला आणि मी रुपाली भोईरच्या अंगावर आले.

चार हंगाम आम्ही दोघींनी चढाया केल्या. माझी बाही दोनदा फाटली. तिच्या आईने, शकूबाईने, ती शिवली. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर बॅनर लागला, ‘निष्ठेचं दुसरं नाव रुपाली!’ संघाचे सेक्रेटरी कुंडलिकभाऊ तर भाषणात तिला लेक म्हणायचे.

मग एका पकडीत तिचा गुडघा गेला. पुढच्याच आठवड्यात कुंडलिकभाऊंनी करार रद्द केला. म्हणाले, “खेळ आहे, भावनेवर चालत नाही.” तिच्या जागी सोनल आली. मला मात्र त्यांनी ऑफिसात खुंटीवर टांगून ठेवलं, शोभेला.

आठ महिने रुपालीने एकटीने व्यायाम केला. पाय पुन्हा भक्कम झाला, तशी ती कळव्याच्या ऑफिसात आली. “भाऊ, चाचणी तरी घ्या.” भाऊंनी नकारार्थी मान हलवली. कल्याणच्या संघाने चाचणी घेतली आणि तिला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकभाऊ मैदानावर ओरडले, “गद्दार! आम्ही घडवलं आणि ही कल्याणला गेली!” समर्थकांनी मला खुंटीवरून ओढलं आणि मैदानाच्या फाटकात अंथरलं. येणारा-जाणारा माझ्यावर पाय देऊ लागला. आकड्याचा एक कोपरा उखडला.

तेवढ्यात शकूबाई आली. गर्दीतून वाट काढत तिने मला उचललं.

“माजी पोर्गी आठ म्हयने घरान लंगरत व्हती. तवा कोन आल्ता का रं दारान?”

कुंडलिकभाऊ चष्मा पुसत राहिले.

पुढच्या महिन्यात ठाण्यात कळवा विरुद्ध कल्याण सामना झाला. मी शकूबाईच्या मांडीवर होते. रुपाली मॅटवर उतरली आणि अर्धं प्रेक्षागृह ‘गद्दार, गद्दार’ करू लागलं. तिने मॅटला हात लावून नमस्कार केला आणि चढाईला गेली. सात गुण आणले.

शेवटच्या मिनिटाला सोनल पाय मुरगळून कोसळली. गुडघा धरून रडू लागली. कुंडलिकभाऊ राखीव खेळाडूला हाका मारत होते. रुपाली धावली. तिने सोनलचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

“ताई, आता मला काढतील गं.”

“काढू देत. घरी ये. गुडघ्याचं सगळं मला पाठ आहे.”

सामना कल्याणने जिंकला. सोनलला सहा महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. हल्ली ती रोज सकाळी भोईरांच्या पडवीत येते. माझी जाड घडी करून तिच्या गुडघ्याखाली ठेवतात, आणि रुपाली म्हणते, “गुडघा खाली दाब. अजून दाब.”

मित्रांनो, आमच्यासारखे कपडे जपाच. पण खेळाडूला गद्दार म्हणण्याआधी, ती पडली तेव्हा आपण कुठे होतो, हे एकदा आठवा. सोनल अजून दाबते आहे. पाय थरथरतो, पण काल तिने तो पहिल्यांदा सरळ केला.