देणगीदारांची पाटी

आमच्या घराला पाटी नव्हती. मुद्दामच नव्हती. गल्लीत कुणाला विचारलंत तर सांगायचे, तिथे बायका दवाखान्याच्या चादरी शिवतात. ते खरंही होतं. पण त्या नवऱ्यांपासून जीव वाचवून आल्या आहेत, हे आम्हा दोघी बहिणींशिवाय गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. देणगीदारांनासुद्धा आम्ही बाजारातल्या भाड्याच्या खोलीत भेटायचो. घराचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही, हा थोरलीचा नियम. मोडला तोही तिनंच.

आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब फार गोड बोलायचे. आवाज कधी चढायचा नाही. ‘ताई, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे,’ एवढं म्हणून थांबायचे आणि मी पुढच्या ‘पण’ची वाट बघायचे. या वेळी म्हणाले, ‘पण ट्रस्टी विचारतात हो. मी एकदा डोळ्यांनी घर पाहिलं की माझं काम सोपं. नाहीतर पुढच्या वर्षीचं मी तरी काय सांगू?’

‘आपण ठेवायचा विश्वास आणि यांनी ठेवायची पाळत!’ घरी येऊन मी फणफणले.

‘तोंड आवर,’ थोरली म्हणाली. ‘त्यांच्याशिवाय चूल पेटत नाही आपली.’

साहेब एकटेच आले, फोन बंद करून. शिवणयंत्रांपाशी बसले, एकीलाही नको ते विचारलं नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसणारी, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, तिची छोकरी त्यांनी मांडीवर घेतली. चिमणीचा नवरा घरोघरी पार्सल पोचवायचा. शहरातली गल्लीन् गल्ली त्याच्या पायाखालची, म्हणून ती खिडकीशीसुद्धा जायची नाही. साहेबांच्या मांडीवर पोर हसली तेव्हा मलाच माझी लाज वाटली. मनातल्या मनात मी त्यांची माफीही मागून टाकली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी भाजी घेऊन परतले तर दारावर चकचकीत पाटी. ‘संकटग्रस्त महिलांचा निवारा.’ खाली संस्थेचं नाव, दुप्पट मोठ्या अक्षरांत. ठोकणारे केव्हाच निघून गेले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थोरली फोन लावत बसली, पण साहेब दुपारपर्यंत मीटिंगमध्ये.

शेवटी लागला फोन. ‘आवडली का पाटी? ट्रस्टींची फार इच्छा होती.’

थोरलीनं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुम्ही उगाच घाबरता, ताई. रविवारी ट्रस्टी फोटोला येताहेत. तेवढं होऊ द्या, मग बघू. आत्ता काढलीत तर त्यांना अपमान वाटेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.’

फोन ठेवून थोरलीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ‘रविवारपर्यंत राहू दे.’

‘आणि चिमणीचा नवरा?’

‘आजवर आला का?’

‘आजवर पाटी होती का?’

‘मग काय सगळ्यांनाच रस्त्यावर काढू? सांग ना!’ ती ओरडली आणि रडायलाच लागली. जिन्यात चिमणी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वर गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. आमच्या घरात कुणी आतून कडी लावत नसे. मला फार वाईट वाटलं.

मी माळ्यावरची शिडी काढली. थोरली नको नको म्हणत राहिली, मी ऐकलं नाही. गेलं खड्ड्यात पुढचं वर्ष. पाना घेऊन चढले. पहिला बोल्ट सुटला, दुसरा हट्टाला पेटला. जोर लावला तशी शिडी सरकली. माझा तोल जाणार, तोच कुणीतरी ती खालून घट्ट धरली.

‘सांभाळून, ताई. धरलीय मी.’

‘बरं झालं बाबा आलास,’ मी खाली न बघताच म्हणाले. ‘पाना नुसता निसटतोय.’

‘होऊ द्या सावकाश, मला कुठे घाई आहे? सकाळी समोर पार्सल द्यायला आलो होतो, तेव्हाच वाचली पाटी. म्हटलं, दुपारी सवडीनं येऊ.’

माझे हात जागच्या जागी थांबले. वरच्या बंद खिडकीआड चिमणीची छोकरी काहीतरी बडबडली.

तो हसला. शिडी त्यानं सोडली नव्हती.

‘चालायला लागली का हो ती?’