अप्पांचा पिवळा निसणा

धारवाड-हुबळीत दगडांना काही तोटा नाही. पाया खणा, दगड. विहीर खणा, दगड. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन जा, टेबलामागं बसलेलासुद्धा दगडच. आणि हे मी स्वतः टेलिफोन खात्यात नोकरी करून सांगतोय. पण आमच्या अप्पांना पाहिजे होता तो एक वीतभर दगड शोधताना माझ्या नाकी नऊ आले.

अप्पा म्हणजे माझे वडील, धारवाडच्या कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर त्यांनी उघड्या वस्तऱ्यानं दाढी केली, तीही स्वतःच्या हातानं. वस्तऱ्याला धार लावायला त्यांच्याकडे एक दगड होता. ते त्याला निसणा म्हणत. वरचा थर लोण्यासारखा पिवळा, खालचा जांभळट. बेल्जियममधल्या खाणीतला, कुणा इंग्रज साहेबाचं सामान लिलावात निघालं तेव्हा आजोबांनी उचललेला. दर रविवारी पहाटे न्हाणीघराचं दार आतून लावून अप्पा धार लावत बसत. आत कुणाला प्रवेश नाही. आम्ही बाहेरून नुसता सर्र-सर्र आवाज ऐकायचा.

दोन हजार एक साली तो दगड त्यांच्या हातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले. त्या दिवसापासून घरात जणू सुतकच. दुसऱ्या कुठल्या दगडावर लावलेली धार अप्पांना चालेना. गाल खरवडून निघायचे, हनुवटीवर कापसाचे बोळे चिकटवलेले असायचे. ‘असल्या तोंडानं चार माणसांत जाऊ होय?’ म्हणून त्यांनी सुभाष रोडवरची संध्याकाळची फेरी सोडली, मित्रांची बैठक सोडली, लग्नामुंजी सोडल्या. शेवटी दाढीच सोडली. चोवीस तास खिडकीशी बसून राहायचे. मी आणलेल्या साध्या रेझरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या डबीतल्या पात्याला मी हात लावणार नाही," म्हणाले. माणूस दगडासाठी घरात कुजतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण मी रोज बघत होतो आणि माझा जीव तुटत होता. तुटत होता म्हणूनच चिडत होतो.

सुरुवात केली हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून. तिथं पुंडलिकराव म्हणून आमच्या ओळखीचे हार्डवेअरवाले आहेत, मूळचे निपाणीकडचे. त्यांनी करड्या रंगाचा, कारखान्यात केलेला दगड पुढं केला.

"हा न्या की. चाळीस रुपये. हुबळीतले निम्मे सुतार ह्याच्यावरच धार लावतात."

"सुतार दाढी करत नाहीत त्यानं, पुंडलिकराव."

"मग दाढीला ब्लेड मिळतं की हो दोन रुपयाला!"

तरी तो दगड नेला. अप्पांनी लावून पाहिला आणि मला म्हणाले, "प्रभंजन, ही धार नव्हे. हे गवत उपटणं झालं." मग गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमधून तेलाचा दगड आणला. तोही नव्हे. एका जुन्या बाजारवाल्यानं ‘अस्सल बेल्जियम’ म्हणून दिलेला तुकडा पाण्यात टाकला तर त्याचा पिवळा रंगच पाण्यात उतरला. इंटरनेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून बसलो, तेव्हा कळलं की परदेशात लोक असले दगड जमवतात. भाव इंचावर, पिवळा थर जाड असेल तर आणखी चढा, दोन थर खाणीतूनच जुळून आलेले असतील तर विचारूच नका. आकडे बघून मी कॅफेवाल्याकडे पाणी मागितलं.

त्यात मी एक मूर्खपणा केला. चार ठिकाणी सांगून ठेवलं, की पिवळा दगड असेल तर कळवा, चांगले पैसे देईन. मग काय! एकानं शहाबादी फरशीचा तुकडा आणला. एकानं फुटका पाटा आणला. एक गृहस्थ तर मैलाच्या दगडाचं पिवळं डोकं घेऊन आले. त्याच्यावर अर्धं ‘गदग’ शिल्लक होतं.

माझी बायको दीपश्री ओटीवरचा तो ढीग बघून म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात लोक. तुम्हाला मात्र दगडच लागतो."

पण युक्ती तिनंच सुचवली. "अहो, असं वणवण फिरून काय होणार? खंडेनवमीला जावा. त्या दिवशी सगळ्यांची हत्यारं पूजेला बाहेर निघतात. पणजोबाची कात्रीसुद्धा पेटीतून बाहेर येते. नुसतं बघत फिरायचं."

खरंच होतं. आमच्याकडे त्या दिवशी गॅरेजवाला पान्हे मांडतो, शिंपी मशीनला हार घालतो, सलूनवाले कात्र्या-वस्तरे लाल कापडावर रचून ठेवतात. कुणीही यावं, नमस्कार करावा, चुरमुरे घ्यावेत. फक्त त्या दिवशी हत्यार जागेवरून हलवायचं नाही आणि व्यवहाराची भाषा बोलायची नाही. तर दोन हजार तीनच्या खंडेनवमीला मी जुन्या हुबळीतली सलूनं धुंडाळायला निघालो. चुरमुरे खाऊन खाऊन पोट फुगलं. आणि शेवटी फकीरप्पाच्या सलूनमध्ये, झेंडू आणि कुंकवाखाली, दिसला. पिवळा. खाली जांभळा. दोन्ही थरांमधली रेघ किंचित नागमोडी, म्हणजे चिकटवलेला नव्हे, खाणीतूनच तसा आलेला.

आणि तिथंच मी माती खाल्ली. पूजेपुढं माणूस पाच रुपये ठेवतो, फार तर अकरा. मी आनंदाच्या भरात शंभराची नोट काढली, वर एक रुपया, आणि ती नेमकी त्या दगडाच्या पायाशी ठेवून हात जोडले. मान वर केली तेव्हा फकीरप्पा नोटेकडे बघत नव्हता. दगडाकडे बघत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दसरा झाल्यावर गेलो. दगड कापडात गुंडाळून कपाटात, कपाटाला कुलूप.

"विकणार का?"

"बघू की."

"किती?"

"नीवऽ हेळ्री, साहेब्रऽ." म्हणजे तुम्हीच सांगा.

मी कशाला सांगतो? आधी भाव बोलेल तो बुडाला, हे मला कळतं. त्यालाही कळत होतं. मग सुरू झाला आमचा खेळ. मी जायचो, केस कापून घ्यायचो, सहज विचारल्यासारखं विचारायचो. तो कात्री चालवत तेच उत्तर द्यायचा. केस वाढायला वेळ तरी लागतो ना? मला धीर नव्हता. ऑफिसात लोक विचारायला लागले, घरात कुणी गेलंय का म्हणून. मजा म्हणजे फकीरप्पा स्वतः तो दगड वापरत नव्हता. त्याच्या दुकानात सगळी फेकून द्यायची ब्लेडं. दगड त्याच्या आजोबाचा. वर्षातून एकदा कुंकू लावायचं, एवढाच त्याचा उपयोग. तरी सोडेना. एकदा म्हणाला, परदेशात ह्याला लाख रुपये मिळतात म्हणे. बहुतेक तो कॅफेवाला त्याच्याकडेच केस कापायचा.

संक्रांतीच्या सुमाराला अप्पांनी जेवणसुद्धा खिडकीशीच मागायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी तडक हुबळी गाठली आणि सलूनच्या दारातूनच ओरडलो, "पाच हजार! माझा निम्मा पगार! देणार असशील तर दे, नाहीतर घाल तो दगड आजोबाच्या डोक्यावर!"

फकीरप्पानं शांतपणे कुलूप काढलं. हरलो ते हरलो, पण डोळे झाकून घ्यायला मी काही खुळा नव्हतो. अप्पांचा वस्तरा बरोबर नेला होता. म्हटलं, आधी धार लावून दाखव, आणि माझीच दाढी कर. त्यानं दगडावर पाण्याचे थेंब टाकले. "पाठ आणि धार, दोन्ही टेकलेल्या पाहिजेत," म्हणत वस्तरा आडवा ठेवून सावकाश ओढला, उलटवला, ओढला. मग कातडी पट्ट्यावर फिरवला. दाढी झाली हे मला गालावरून हात फिरवल्यावर कळलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांचा राग एका मिनिटात उतरला.

घरी आलो ते ओरडतच. "अप्पा, मिळाला! धारसुद्धा लावून आणलीय. नुसती दाढी करा."

अप्पांनी दगड हातात घेतला, ओला केला, रेघ पाहिली. चेहरा उजळला. "दुसऱ्याच्या हातची धार आपल्याला चालत नाही," म्हणाले, आणि तिथंच खिडकीशी पाट घेऊन बसले. दार लावायचं उत्साहात विसरले. मीही हललो नाही. इतक्या वर्षांत प्रथमच मी अप्पांना धार लावताना बघत होतो.

त्यांचा हात थरथरत होता. फार नाही. पेला धरताना दिसू नये इतका. पण वस्तऱ्याची पाठ दगडावरून उचलली जात होती, आणि धार दर खेपेला दगडात रुतत होती. तासाभरापूर्वीची ती धार माझ्यासमोर मरत होती. अप्पांना ते दिसत नव्हतं. ते डोळे मिटून, मान हलवत, जुन्या लयीत ओढत होते.

साबण लावून त्यांनी गालावर वस्तऱ्याचा पहिला हात फिरवला. रक्ताची बारीक रेघ आली.

"हा पण नव्हे," अप्पा म्हणाले.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पाच हजार तयार होते, माझा गुळगुळीत गाल तयार होता. हात धरून सांगणार होतो की दगडात काही खोट नाही. अप्पा टॉवेलनं वस्तरा पुसत होते. पुसून झाल्यावर उजवा हात त्यांनी मांडीखाली सारला, माझ्याकडे न बघता.

"किती दिलेस?"

"तीनशे."

"तीनशे? फसलास."

"फसलो, अप्पा."

"तुला दगडातलं कळत नाही. मला सोबत न्यायला पाहिजे होतं."

ते वाक्य ऐकून मी मान वर केली. अप्पा खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, कसलासा हिशेब करत असल्यासारखे.

"गदगला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो म्हणे," मी म्हणालो. असला बाजार आहे की नाही, मला काही ठाऊक नव्हतं. "रविवारी जाऊ या? दगड तुम्ही पारखा. भाव मी करतो."

"भाव पण मीच करणार," अप्पा म्हणाले. "तू तोंड मिटून मागं उभं राहायचं."

"बरं," म्हटलं, आणि त्यांच्या गालावरचा साबण पुसायला टॉवेल ओला करून आणला.