इंजिनखोलीचं दार

त्या युद्धनौकेने माझा दादा खाल्ला. म्हणून ती निवृत्त झाल्यावर एका शेठची ऐषारामी नौका करायचं काम आमच्या गोदीत आलं, तेव्हा गॅसकटर घेऊन सगळ्यांत पुढे मी होतो. तोफेच्या जागी पोहायचा तलाव, दारूगोळ्याच्या कोठारात आता नुसती दारू. करा म्हटलं, काय वाट्टेल ते करा तिचं.

एकोणीस वर्षांपूर्वी दादा इंजिनखोलीत एकटा असताना स्फोट झाला. जागीच मृत्यू, असं कप्तानाने सहीनिशी लिहून दिलं. "निदान त्याला कळलं तरी नाही," असं आई आजही आल्यागेल्याला सांगते. तेवढ्यावरच तिने दिवस काढलेत.

तोच कप्तान आता शेठचा सल्लागार होऊन बोटीवर मिरवत होता. मला तो ओळखतही नव्हता.

"मिस्त्री, इंजिनखोलीचं दार आधी काढ आणि भंगारात टाक," त्याने पहिल्याच दिवशी फर्मावलं.

बोटीवर शंभर दारं, आणि याला नेमकं तेच सलतंय? माझ्या मनात पाल चुकचुकली.

दार उतरवून आतल्या बाजूचा रंग ग्राइंडरने खरवडला. खाली पुट्टी निघाली. घराच्या भिंतीला ठीक आहे, युद्धनौकेच्या पोलादी दाराला पुट्टी कोण भरतं? ती झडली तसे खड्डे दिसायला लागले. सगळे कडीजवळ, छातीच्या उंचीवर, मोठ्या पान्याच्या डोक्याएवढे. मोजले तर एकेचाळीस. जागीच मेलेला माणूस एकेचाळीस वेळा दार ठोकत नाही.

मी तिथेच बसून रडलो. मग उठून कप्तानाला गाठलं.

"तुम्ही कोंडलात तो माझा सख्खा भाऊ होता. पुट्टीखालचे खड्डे बघितले मी."

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "स्फोटाने तळ फुटून आत पाणी भरत होतं. दार उघडलं असतं तर दीडशे जण गेले असते."

"मग तसं लिहायचं होतं."

"तुझ्या आईला झेपलं असतं?"

"आईला मधे आणू नका. खरं काय ते चारचौघांत सांगा."

"दार भंगारात टाकलंस ना?"

"टाकलं," मी म्हणालो.

"मग झालं तर."

शेठला जेवणाच्या टेबलासाठी बोटीचीच एखादी जुनी वस्तू हवी होती. मी त्या दाराला पाय जोडले, आतली बाजू वर ठेवली, पॉलिश करून काच बसवली. शेठ बेहद्द खूश. बोट तयार झाल्यावर दुपारच्या पहिल्या जेवणाला त्याने मलाही कौतुकाने बोलावलं. कप्तानाची खुर्ची मीच कडीसमोर लावून ठेवली होती.

"हे खड्डे कसले हो, मिस्त्री?" शेठच्या बायकोने विचारलं.

"कप्तानसाहेबांना विचारा. त्यांच्याच वेळचे आहेत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने काचेवरचा हात काढून घेतला. मग त्याने सांगितलं, सगळं, पाण्यासकट. कोणी घास उचलला नाही. मला वाटलं होतं, माझा जीव थंड होईल.

घरी गेलो तर आई दारातच होती. "दादाची इंजिनखोली बघितलीस का रे? निदान त्याला कळलं तरी नाही ना?"

"नाही गं, आई. जागीच गेला तो," मी म्हणालो. आणि मला कप्तानाचा आणखीच राग आला.