वाळूचा शहाणा

चारुदत्त भडकमकर मस्कतच्या एका बँकेत बड्या बड्या कंपन्यांना कर्जं द्यायचा, पण त्याची खरी कीर्ती शुक्रवारची. शुक्रवारी बँक बंद, की हा गाडी घेऊन वाळवंटात. वहिबाच्या वाळूत त्याची गाडी आली की उंट म्हणे बाजूला होऊन आदबीनं मान वाकवायचे. एकदा तर तो इतक्या उंच टेकाडावर चढला, की वरून त्याला समुद्रापलीकडे थेट रत्नागिरी दिसली, आणि तिथं कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेली कोकमं. हे त्यानं स्वतः सांगितलंय. आणि बँकवाला माणूस कशाला खोटं बोलेल?

शेजारच्या सीटवर असायची त्याची लेक, सलोनी. गाडी रुतली की टुणकन उडी मारून उतरायचं, पायाखालची रबरी मॅट ओढायची आणि चाकापुढे सरकवायची, हे तिचं काम. "रुतली!" असं ती एवढ्या आनंदानं ओरडायची, की चारुदत्त कधीकधी मुद्दाम रुतवायचा. जे बोलायचं ते बापलेक गाडीतच बोलायचे. शाळेतली भांडणं, आईवरचे रुसवे, सगळं. घरात विचारलं तर "काही नाही."

मग दुबईतल्या बँका लटपटल्या आणि ते वारं मस्कतपर्यंत आलं. ओळखीतल्या एकाची नोकरी गेली, आणि बघता बघता फ्रिज, सायकली, तुळशीची कुंडीसुद्धा वाटून ते कुटुंब देशाबाहेर. चारुदत्तच्या बायकोनं, उमानं, हाय खाल्ली. "आपण इथं नोकरीच्या पोटात राहतोय," ती म्हणाली. "तिला ढेकर आली की आपण बाहेर." कॅनडात राहायची परवानगी आधीच आलेली होती. सलोनीला घेऊन ती ओटावा शहराच्या कडेला असलेल्या कनाट्याला गेली, आपल्या थोरल्या भावाच्या, रविकांतच्या, पलीकडच्या गल्लीत. चारुदत्त म्हणाला, "वादळ जाऊ दे, मग बघू."

वादळ गेलं. बँक उभी राहिली. चारुदत्तला बढती मिळाली, समुद्राकडे खिडकी असलेली खोली मिळाली. आणि दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत तो बायकोमुलीला परत न्यायला कनाट्यात उतरला.

उमा ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल करत होती. त्याचं म्हणणं तिनं तिथंच, फावड्यावर हनुवटी टेकून ऐकलं.

"मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "सलोनीला विचार. ती मनापासून येते म्हणाली, तर मी उद्या बॅगा भरते. पण तू विचारायचंस. मी मध्ये पडणार नाही."

"एवढंच ना?" चारुदत्त म्हणाला.

एवढंच. पण सलोनी आता तेरा वर्षांची होती आणि त्याच्याशी पाहुण्यासारखी वागत होती. टॉवेल कुठं ते दाखवायची. सकाळी "डिड यू स्लीप ओके, बाबा?" विचारायची. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. मोठमोठ्या शेखांसमोर ज्याची जीभ कधी अडखळली नाही, तो माणूस आठवडाभर जेवणाच्या टेबलावर नुसतं मीठ मागत राहिला.

शेवटी त्याला सुचलं: ही पोर गाडीत खरं बोलते. गाडीतच विचारायचं.

गोठलेल्या ओटावा नदीवर रविकांतची एक लाकडी खोपटी होती. टेलिकॉममधला हा इंजिनियर हिवाळाभर शनिवारी त्या खोपटीत शेगडी पेटवून बसायचा, बर्फाला भोक पाडून गळ टाकायचा. माशांपेक्षा त्याला चहा जास्त मिळायचा. गाड्या थेट बर्फावरून तिथपर्यंत जायच्या. चारुदत्तचे डोळे चमकले. सपाट, पांढरं, मैलोन्‌मैल मोकळं. वाळवंटच की हे, फक्त थंड!

शनिवारी दुपारी काठावर पोचल्यावर रविकांत आपल्या ट्रकमधून खाली उतरला.

"चारुदत्तराव, नीट ऐका. दोन दिवस ऊन पडलंय. त्या हिरव्या फांद्या रोवल्यात ना, त्यांच्यामधूनच यायचं. मी पोचलो की मग निघा. सावकाश. खिडक्या उघड्या, सीटबेल्ट काढून."

"बेल्ट काढून? तुमच्या या शिस्तीच्या देशात?"

"जमिनीवर लावा की. इथं खाली जमीन नाहीये."

"दादा, मी वाळूत अशी गाडी चालवलीय..."

"माहितीय. रत्नागिरी दिसली होती," रविकांत म्हणाला आणि ट्रक घेऊन पुढे गेला.

हा टोमणा चारुदत्तला लागला. तो उतरला आणि किल्लीच्या टोकानं उमाच्या गाडीच्या चाकांतली हवा थोडी थोडी सोडू लागला. वाळूत उतरण्याआधी सोडतात तशी, चाक पसरट व्हावं म्हणून. काठावर गळ सावरत बसलेले दोन म्हातारे ते पाहून हातातली कॉफी प्यायचं विसरले.

"बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"बघशील. बस आत. पट्टा लाव."

"मामा सेड नो बेल्ट."

"मामानं वाळू पाहिलेली नाही." त्यानं काचा वर घेतल्या. वाळवंटात काच उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत दातांत रेती.

"धिस इजन्ट सँड," सलोनी म्हणाली. पण बापाचा तो जुना शुक्रवारचा आवाज ऐकून तिनं पट्टा लावला.

फांद्यांमधली वाट येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तुडवून चिखलासारखी झाली होती. ते पाहिलं आणि चारुदत्तच्या डोक्यात वाळवंटाचा पहिला नियम जागा झाला: तुडवलेली वाळू दगा देते, कोरी कवची तोलून धरते. डावीकडे बर्फाची कोरी, गुळगुळीत कवची होती. एका चाकाचाही माग नाही. त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि दोन फांद्यांच्या मधून गाडी बाहेर काढली.

"बाबा! देअर आर नो ट्रॅक्स हिअर."

"म्हणूनच तर." त्यानं वेग वाढवला. वाळूत वेग सोडला की संपलं. पांढरं मैदान खिडकीबाहेर पळू लागलं, त्याची छाती भरून आली, आणि वाटलं, हीच वेळ. "सलोनी, तुला आठवतं आपण..."

खालून आवाज आला. लांबवर कुणी मोठी ताडपत्री टराटरा फाडावी तसा. तो गाडीच्या पुढे धावत गेला आणि वळून परत आला.

चारुदत्तनं तेच केलं जे वाळूत करतात. वाळू खचायला लागली की ब्रेक नाही लावायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा. त्यानं दाबला. बर्फाखालचं पाणी गाडीबरोबर लाट होऊन पुढे गेलं आणि पुढचा बर्फ खालून उचलला गेला. एक पांढरी फळी हळूच तिरकी झाली. गाडीनं नाक खाली घातलं.

मोठा आवाज झालाच नाही. नुसतं बॉनेटवर काळं पाणी चढलं, पायात बर्फगार काहीतरी शिरलं. चारुदत्तचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता, हात स्टिअरिंगवर. तो उजवीकडे वळवत होता, डावीकडे वळवत होता, जणू पुढे अजून एक टेकाड आहे.

"बाबा, पाय काढ."

आठवडाभरात पहिल्यांदा ती मराठीत बोलली होती. आवाज बारीक, पण सरळ.

"पट्टा सोड. माझा सुटला. काच खाली कर, आत्ता, बटण चालतंय तोवर."

त्यानं काच खाली केली. पट्टा मात्र सुटेना. बोटं दुसऱ्याचीच असल्यासारखी. सलोनीनं वाकून खटका दाबला. मग ती सीटवर गुडघे टेकून मागे वळली. गाडीचं शेपूट वर होतं, मागचा भाग अजून कोरडा होता. तिनं मागच्या दोन्ही रबरी मॅटा ओढून काढल्या.

"तू आधी जा," चारुदत्त म्हणाला.

"मीच आधी. तू जड आहेस, तुझ्यानं कडा तुटेल. पोटावर सरपटायचं. उभं राहायचं नाही, कळलं?"

ती त्याच्या अंगावरून, त्याच्याच खिडकीतून मासोळीसारखी निसटली. एक मॅट बर्फावर पसरली, तिच्यावर पालथी पडली, हातांनी स्वतःला मागे रेटलं. दुसरी मॅट तिनं त्याच्या खिडकीकडे सरकवली. पाणी आता त्याच्या मांड्यांवर होतं.

चारुदत्त डोक्यानं बाहेर आला, खांद्यांनी आला, आणि पोटाशी अडकला. मस्कतच्या इतक्या वर्षांच्या बिर्याण्या एकदम आडव्या आल्या. गाडी आणखी कलली. पाठीमागून पाण्यानं त्याची कंबर धरली.

"श्वास सोड, बाबा! सगळा सोड!"

त्यानं सोडला. खिडकीनं त्याला ओकून टाकलं. तो मॅटवर पडला, मॅट करकरली, खालचा बर्फ करकरला, आणि कडेचा एक तुकडा त्याच्या बुटांसकट खाली गेला. पाय पाण्यात लोंबकळले. सलोनीनं त्याची मनगटं धरली होती, पण ती त्याला ओढत नव्हती, त्याच्याकडे ओढली जात होती. इंचाइंचानं.

"हात सोड, सलोनी."

"नाही."

"सोड म्हणतो ना!"

"गप बस!"

तेवढ्यात दोराचं टोक त्याच्या कानावर आपटलं. रविकांत खोपटीकडून धावत आला होता आणि लांबच बर्फावर आडवा पडून दोर फेकत होता. चारुदत्तनं तो मनगटाभोवती गुंडाळला. तिकडून ओढ आली, इकडून सलोनी मागे सरकली, आणि तो पाण्याबाहेर आला.

मागे गाडीनं एकदा शेपूट हलवलं आणि गेली. दिवे चालू होते. बर्फाखालून तो पिवळा उजेड हळूहळू प्रवाहाबरोबर निघाला. काठावरचे ते म्हातारे अजून सांगतात की नदीखालून कुणीतरी हॉर्नही वाजवला. त्यांच्या कॉफीत काय होतं, देव जाणे.

खोपटीत शेगडी लाल झाली होती. रविकांतनं दोघांना घोंगड्यांत गुंडाळलं, हातात चहा दिला. ओरडला नाही. "काठावर सांगून येतो. तोवर कुणी शहाणपणा करू नका," एवढं बोलून बाहेर गेला.

बराच वेळ दोघांचे नुसते दात वाजत होते.

"मॅटा कशा सुचल्या तुला?"

"तूच शिकवलंस ना."

"आणि पोटावर सरपटायचं?"

"इथल्या शाळेत." मग ती म्हणाली, "तू काहीतरी विचारत होतास. 'तुला आठवतं' म्हणालास."

चारुदत्तनं तिच्याकडे पाहिलं. ओठ निळे, केसांत बर्फ. आत्ता विचारलं तर ती कदाचित हो म्हणेल. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. आयुष्यभर त्यानं अशा घाबरून सह्या केलेल्या माणसांची कर्जं नंतर निस्तरली होती. पण न विचारता परत जाणंही त्याला जमेना.

"मस्कतला परत यायचं का, असं..."

"नाही, बाबा." वाक्य पुरं व्हायच्या आत. मग हळू आवाजात, "मला तू हवायस. तिथलं ते सगळं नकोय."

शेगडीत लाकूड तडतडलं. दोघंही दचकले.

"मग मीच इथं आलो तर?"

सलोनीनं विचार केला. अगदी खरा, वेळ घेऊन.

"यू'ल नीड लेसन्स."

"कसले? फ्रेंचचे?"

"ड्रायव्हिंगचे."

रविकांत परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा फोन होता. "उमा आहे. मी काही बोललो नाही. तुमचं तुम्ही सांगा."

चारुदत्तनं फोन कानाला लावला.

"विचारलंस?" उमाचा आवाज ताणलेला होता. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

चारुदत्तनं घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"मीच येतोय, उमा. इकडे. राजीनामा देतो. नोकरी शोधीन, काहीही करीन."

उमानं मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. कितीतरी महिने धरून ठेवला असावा तसा. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं. मग घरी येताना दुधाची पिशवी आण. चहापुरतंही नाहीये."

चारुदत्तनं खोपटीच्या छोट्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बर्फाखालचा तो पिवळा ठिपका आता पार लांब, मावळत आला होता.

"आणतो," तो म्हणाला. "पण चालत आणावं लागेल."