रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

कशासाठी

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी. हृदयाच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून अकरा वर्षं मी हेच सांगतेय. घरी नवऱ्यालाही सांगितलं. त्यानं ऐकलं. रोज एक, न चुकता.

कधी बंद करावी

तीन महिन्यांनी त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. माझ्या मोठ्या दिरांनी तो चष्मा न लावताच वाचला.

"झालास की बरा! आता कशाला विष गिळतोस? बायको दुकानात आहे म्हणून रोज गोळी खायची होय?"

सगळे हसले. नवराही हसला. दादांचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

"अहो, नॉर्मल आहे तो गोळीमुळेच," मी कानीकपाळी ओरडले.

"तुझं दुकान चालायला हवं ना!" दादा म्हणाले.

बंद केल्यास

आठ महिने. मग ऑफिसच्या जिन्यात, चौथ्या पायरीवर.

दुखवट्याला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगत होते, "त्याचं आयुष्यच तेवढं."

मी दात आवळून ऐकलं. एकेक अक्षर.

दुसऱ्या रुग्णास देताना

दोन वर्षांनी दादांच्याच छातीत कळ आली. वाचले. चिठ्ठी घेऊन माझ्याच काउंटरवर आले. तीच गोळी.

निमूट दिली. कसं घ्यायचं ते सांगितलं. कधीच थांबवायची नाही, हे मात्र सांगितलं नाही. मी त्यांना पुरती ओळखत होते. फक्त तीन महिने थांबायचं होतं.

किती काळ घ्यावी

आज आले. सोबत जाऊबाई, त्यांची बाही धरून. दादा लांबूनच कागद फडकावत होते.

"नॉर्मल! अगदी तरण्याताठ्यासारखा! काय गं, आता बंद करू ना?"

'करा.' एवढंच म्हणायचं होतं. तीन महिने तो शब्द जिभेवर घोळवत होते मी.

आणि मग? एखाद्या जिन्यात, एका क्षणात, काही न कळताच सुटले असते. इतक्या सहज?

"दादा, रिपोर्ट नॉर्मल कशामुळे आला?"

"गोळीमुळेच की."

"मोठ्यानं सांगा. मागे रांग आहे, त्यांनाही कळू दे."

"अगं, गोळीमुळे! बहिरी झालीस का तू? गोळी घेतली म्हणून तर—"

फडकणारा कागद हळूहळू खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी बाही सोडली.

"म्हणजे... त्याचाही..."

"हो."

मी गोळ्यांचं पाकीट पुढं सरकवलं. त्यांचा हात पुढे येईना, तेव्हा उचलून मुठीत कोंबलं.

"रोज एक. आयुष्यभर. बंद केलीत तर मी घरी येऊन भरवीन. प्रत्येक गोळी गिळताना आठवायचं, ही कुणाची बंद केली होती."

दादांनी पाकीट खिशात घातलं.

"शंभर वर्षं जगा, दादा," मी म्हणाले. "एकही दिवस कमी नको. चला, पुढे कोण आहे?"