शेंडेफळांची यादी आणि मी अर्धा

मित्रांनो, मी एक जुना, अर्धा खोडरबर आहे. माझा दुसरा अर्धा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. तिथे काय चाललंय ते फोनवरून कळेल तेवढंच. ज्या घरात मी झिजलो, तिथे सगळं क्रमांक लावून, शेवटाकडून पहिल्याकडे सांगायची रीत आहे. मीही तसंच सांगतो.

६

कारखान्यात पांढऱ्या रबराची एक लांब लादी होती. तिचे तुकडे पडले, त्यातला एक मी. म्हणजे कापलं जाणं हाच माझा जन्म. निळा कागदी सदरा घालून मी दुकानात आलो, तिथून दोन बहिणींच्या टेबलावर.

५

त्यांची आई पोस्टात टपाल वेगळं करायची. लावून ठेवण्याचं वेड मुलींनी तिच्याकडूनच घेतलं होतं. दोघींची एक लाडकी गायिका होती. घरात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईचा अल्बम आला की त्यातलं पहिलं गाणं वाजतगाजत सुटं बाहेर पडे. न्हाव्याच्या दुकानापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळीकडे तेच. दुसरं बरं चाले. तिसऱ्या-चौथ्याची पाळी येईपर्यंत लोक पांगलेले असत. या मुलींचा जीव नेमका त्या उशिराच्या गाण्यांवर.

“शेंडेफळं आहेत ती,” ताई म्हणायची. “मोठ्यांचे उतरलेले कपडे घालून वाढलेली.”

“मग नंबर मीच लावणार,” धाकटी म्हणायची. “मला अनुभव आहे.”

४

सात अल्बम, प्रत्येकातलं एक शेंडेफळ, आणि आवडीनुसार नंबर लावायला एक वही. लिहायचं ताईनं, खोडायचं धाकटीनं, तेही दोघींचं एकमत झाल्यावरच. रोज भांडण. पहिल्या नंबरावरून ‘कोरडी छत्री’ मात्र हलत नसे. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा दोघींनी बाहेरच्या बाकावर एकेक इअरफोन कानात घालून ते गाणं अकरा वेळा ऐकलं होतं.

“रडकं आहे ते. ‘टाच आणि टाळी’ वर घे ना!”

“हात लावायचा नाही,” ताई बजावे.

“अगं, मी बरी होऊन तीन वर्षं झाली,” आई स्वयंपाकघरातून ओरडे. “आता त्या गाण्यालाही घरी सोडा!”

मी भराभर झिजत होतो, पण कौतुकही होत होतं. डाग न ठेवता खोडतो म्हणून धाकटी मला दप्तरात नेत नसे. शाळेत हरवेन ही भीती.

३

मग ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली. रविवारी निघायचं ठरलं. शनिवारी दुपारी धाकटी एकटीच टेबलाशी बसली आणि मला घेऊन ‘कोरडी छत्री’ खोडू लागली. अक्षरं गेली तरी थांबेना. मी तापलो. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कागद फाटला. एकच्या पुढे भोक पडलं.

ताईनं वही पाहिली.

“एकटीनं?”

“तू जाणारच आहेस. मग नियम कुणासाठी पाळू?”

ताईनं वही मिटली. बॅग भरली. रविवारी निघता निघता ती टेबलाशी परत आली, ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि मला मधोमध कापलं.

“हा तुझा, हा माझा. खोडायच्या आधी फोन करायचा. खोडायचं ते दोघींनी एकदम.”

धाकटीनं मान हलवली. गळ्यात पडायला तिला जमलं नाही.

२

फोन झालाच नाही. आईशी ताई बोले, पण धाकटीचं नाव निघालं की दोन्हीकडे कामं निघत. मी ड्रॉवरमध्ये एका तुटक्या बटणाशेजारी धूळ खात पडलो. सदरा कधीच फाटला होता.

“तुमच्यात मोठी कोण ते तरी एकदा ठरवा,” आई म्हणाली.

सात महिन्यांनी बाईच्या आठव्या अल्बममधलं तिसरं गाणं आलं. त्याच संध्याकाळी फोन वाजला.

“ऐकलंस?” ताई.

“चारदा. तू?”

“सहादा. पाचवा नंबर.”

“चौथा तरी दे गं, शेंडेफळ आहे.”

“बरं, चौथा. माझ्याकडे नवी वही आहे. यादी आठवून जशीच्या तशी उतरवलीय, भोकासकट.”

“भोकासकट?”

“पाडावं लागलं. तुझ्यासारखं पटकन जमेना बाई मला. तासभर घासत बसले.”

धाकटी हसली, आणि हसता हसताच तिला हुंदका आला. माझा दुसरा अर्धा तिकडे काय करत होता, ते मला तेव्हा कळलं. मग धाकटीनं मला ड्रॉवरमधून काढलं आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघींनी एकदम खोडलं. चारपासूनची सगळी गाणी एकेक घर खाली सरकली.

१

फोन चालूच होता. भोकातून मागच्या पानाचा कोरा कागद दिसत होता. त्यावर धाकटीनं पेन्सिलीनं लिहिलं: कोरडी छत्री.

“लिहायचं काम तुझं होतं,” ती म्हणाली. “पण मी लिहिलं. मागच्या पानावर.”

पलीकडूनही कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला.

मित्रांनो, आमच्यासारखे लहान तुकडे फेकू नका. चूक खुशाल खोडा, पण दुसऱ्याची आवडती ओळ खोडताना त्याला आधी हाक मारा. भोकामागचं ते नाव खोडायला मला अजून कुणी उचललेलं नाही. इतकं बिनकामाचं राहणं मला याआधी कधी आवडलं नव्हतं.